ज्येष्ठ नागरिक संघाचे उपक्रम: पहिल्या वहीपासून रिकाम्या खुर्चीपर्यंत

महाराष्ट्रातील बहुतेक ज्येष्ठ नागरिक संघांच्या मासिक सभेचा क्रम डोळे मिटून सांगता येतो. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मधुमेह किंवा अध्यात्म यांपैकी एका विषयावरील व्याख्यान, त्या महिन्यातले वाढदिवस, आभार आणि चहा. कराडमधील आमच्या संघाचा कार्यवाह या नात्याने मीही पहिली दोन वर्षे हाच क्रम निष्ठेने चालवला. एका सभेत व्याख्यान फारच लांबले, तेव्हा वेळ जावा म्हणून हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर त्या दिवशी कोण कोण बोलले याची मी नोंद करत बसलो. उपस्थिती ६४ होती आणि बोललेले सभासद ६ होते. त्यांतले ४ कार्यकारिणीचे. उरलेले ५८ जण दीड तास बसून, टाळ्या वाजवून आणि चहा घेऊन घरी गेले. त्यांच्यात निवृत्त तलाठी होते, परिचारिका होत्या, एस. टी.चे चालक होते, शिंपी होते, आणि ज्यांनी चाळीस वर्षे शेत व घर एकहाती सांभाळले अशा स्त्रिया होत्या. त्या पानाने मला जी अस्वस्थता दिली तिच्यातूनच पुढचे सारे बदल झाले. नव्याने संघ सुरू करणाऱ्यांना किंवा जुना संघ पुन्हा हलता करू पाहणाऱ्यांना त्यांचा उपयोग व्हावा, म्हणून ते येथे मांडत आहे.

आधी वही, मग वेळापत्रक

उपक्रम ठरवण्यापूर्वी प्रत्येक सभासदाला दोन प्रश्न विचारावेत: तुम्हाला काय शिकायला आवडेल, आणि तुम्ही इतरांना काय शिकवू शकाल. छापील प्रश्नावली वाटू नये, कारण ती घडी घालून खिशात जाते आणि तेथेच राहते. दोघांनी मिळून घरी जावे, अर्धा तास बसावे आणि उत्तरे स्वतः वहीत लिहावीत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लवकर मिळते. दुसऱ्याचे उत्तर मात्र जवळजवळ प्रत्येक घरी एकच असते: ‘मला काय येतंय?’ अशा वेळी प्रश्न बदलावा आणि आयुष्यभर काय केले ते विचारावे. आमच्याकडचे एक सभासद भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाले होते. आपण जे रोज करत होतो ते शिकवण्यासारखे आहे हे त्यांच्या गावीही नव्हते. त्यांनी सातबारा आणि फेरफार कसा वाचावा यावर चार मंगळवार घेतले. इतर व्याख्यानांना न फिरकणारे शेतकरी सभासद त्या चारही दिवशी आपापले उतारे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आले.

ही कल्पना काही नवी नाही. फ्रान्समधील तुलूझ येथे १९७३ मध्ये पिएर व्हेलास यांनी निवृत्तांसाठी ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ सुरू केले, तेव्हा शिकवण्याचे काम विद्यापीठातील प्राध्यापकांकडे होते. १९८२ मध्ये हीच चळवळ ब्रिटनमध्ये पोहोचली आणि तेथे तिने वेगळे वळण घेतले. सभासदांनीच सभासदांना शिकवायचे, परीक्षा नाही, पदवी नाही, शिक्षणाची कोणतीही अट नाही, असे तेथे ठरले. आपल्या संघांना परवडणारे आणि झेपणारे रूप हे दुसरे आहे, असे माझे मत आहे. बाहेरच्या वक्त्याला मान, मानधन आणि वाहन द्यावे लागते, आणि तो निघून गेल्यावर प्रश्न विचारायला कोणी उरत नाही. गल्लीतला माणूस दुसऱ्या दिवशी भाजी घेताना भेटतो.

सुरुवातीला आठवड्याला दोनच उपक्रम ठेवावेत: एक शिकण्याचा, एक नुसता भेटण्याचा. पहिल्याच महिन्यात योगासने, भजन, संगणक, बागकाम, शब्दकोडी आणि सहल असे सगळे फलकावर लिहिले की तिसऱ्या महिन्यात फलक तेवढा उरतो. ज्या उपक्रमाला सलग सहा आठवडे आठ माणसे येतात तो टिकला असे समजावे आणि मगच तिसरा जोडावा. आठ हा आकडा लहान वाटेल, पण ज्या वर्गात प्रत्येकाला बोलता येते तो वर्ग आठ-दहा जणांचाच असतो.

जागा, वेळ आणि खुर्ची

उपक्रम न चालण्याचे कारण पुष्कळदा विषयात नसून सभागृहात असते, आणि सभासद ते कधीच सांगत नाहीत. ते फक्त येणे थांबवतात. म्हणून कार्यकारिणीतील एकाने, शक्यतो गुडघे दुखणाऱ्याने, सभागृहात दाराबाहेरच्या रस्त्यापासून शेवटच्या खुर्चीपर्यंत स्वतः चालून पाहावे. पायऱ्यांना कठडा आहे का, उंबऱ्याचा रंग फरशीच्या रंगात मिसळून जातो का, चपला काढण्याच्या जागी बसायला बाक आहे का, हे त्याच वेळी कळते. बाक नसेल तर भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहून पट्टा सोडण्याची कसरत करावी लागते, आणि पडण्याची भीती तेथूनच सुरू होते.

खुर्च्यांना हात असावेत. हात नसलेली हलकी प्लॅस्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर, उठताना रेटा दिला की मागे सरकते. तशाच खुर्च्या असतील तर शेवटची रांग भिंतीला लावावी आणि ज्यांना उठायला त्रास होतो त्यांना तेथे बसवावे. भजनासाठी सतरंजी अंथरायची असल्यास तिच्या तिन्ही बाजूंना खुर्च्या लावाव्यात. खाली बसणारे पुढे आणि खुर्चीवाले पार मागे, अशी व्यवस्था केली तर खुर्चीवाले लवकरच प्रेक्षक होतात.

आवाजाबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण येथे जवळजवळ प्रत्येक संघ चुकतो. वयाबरोबर येणारा बहिरेपणा आधी वरच्या पट्टीतले आवाज नेतो. स्वर ऐकू येतात, पण स, त, थ, फ यांसारखी व्यंजने पुसली जातात. ‘आवाज येतोय, पण शब्द कळत नाही’ ही तक्रार त्यामुळेच असते. अशा वेळी ध्वनिक्षेपक मोठा केला की घुमणारे स्वर आणखी घुमतात आणि शब्द होता तेथेच राहतो. त्याऐवजी पंख्यांपैकी जो खडखडतो तो बंद करावा, बोलणाऱ्याने ध्वनिक्षेपक ओठांपासून चार बोटांवर धरावा, वाक्यांमध्ये थांबावे आणि त्याच्या तोंडावर उजेड पडेल असे उभे राहावे. खिडकीकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या वक्त्याचा चेहरा काळा दिसतो आणि ओठांवरून शब्द ओळखणाऱ्यांची तेवढी सोयही जाते. कागद वाटायचा असेल तर अक्षर १८ पॉइंटचे, काळे, पांढऱ्या कागदावर असावे. रंगीत पार्श्वभूमीवर रंगीत अक्षरे असलेल्या निमंत्रणपत्रिका मोतीबिंदू झालेल्यांना जाहिरातीसारख्या दिसतात. तारीखही वाचता येत नाही.

स्वच्छतागृह कोठे आहे हे दर वेळी सुरुवातीलाच सांगावे आणि चाळीस मिनिटांनी, कोणी मागितली नसली तरी, दहा मिनिटांची सुट्टी द्यावी. चालू व्याख्यानातून उठून जाणे बहुतेकांना, विशेषतः स्त्रियांना, प्रशस्त वाटत नाही. त्या दिवशी दुपारपासून पाणी कमी पिऊन येणाऱ्या काही जणी आमच्याकडे होत्या, हे मला फार उशिरा समजले. वेळ साडेचार ते सहा ही बरी. त्याआधी नातवंडे शाळेतून येतात, त्यानंतर स्वयंपाकाची वेळ होते, आणि हिवाळ्यात सहानंतर अंधार पडतो. मोतीबिंदू असलेला माणूस समोरून येणाऱ्या दुचाकीच्या दिव्यात चालायला धजत नाही. पावसाळ्यात पत्र्याच्या छताखाली तर काहीच ऐकू येत नाही. ते चार महिने एखाद्याच्या ओसरीवर किंवा देवळाच्या सभामंडपात लहान गट बसवणे अधिक शहाणपणाचे.

मोबाइलचा वर्ग

सर्वांत जास्त मागणी या वर्गाला असते आणि सर्वांत जास्त वर्ग याच विषयाचे फसतात. आमचा पहिला वर्ग २८ जणांचा होता. एक उत्साही तरुण भिंतीवर पडदा लावून, लॅपटॉपवरून स्वतःच्या फोनची चित्रे दाखवत होता. प्रत्येकाच्या हातातला फोन निराळा, चिन्हे निराळ्या जागी, आणि दहाव्या मिनिटाला अर्धे लोक भलत्याच पानावर पोहोचलेले. पुढच्या आठवड्यात ९ जण आले.

त्यानंतर आम्ही तीन शिकणाऱ्यांमागे एक मदतनीस असे ठरवले. महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना असे काम हवेच असते. प्राचार्यांना पत्र दिले की सोय होते. विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी एकच नियम सांगावा: दोन्ही हात पाठीमागे ठेवायचे. घरी नातू ‘द्या इकडे, मी करून देतो’ म्हणत फोन काढून घेतो आणि तीन सेकंदांत काम करून परत देतो. त्यातून आजोबा काहीच शिकत नाहीत, उलट आपल्याला जमणार नाही एवढे मात्र पक्के होते. हात मागे बांधलेल्या मुलीला तोंडाने सांगावे लागते, आणि तोंडाने सांगायचे म्हणजे सावकाश सांगावे लागते.

एका बैठकीला एकच काम घ्यावे. पहिली बैठक अक्षराचा आकार मोठा करण्याची, कारण त्याशिवाय पुढचे काही दिसतच नाही. दुसरी बोटाची. हे वाचून कोणी हसेल, पण जुन्या दूरध्वनीचे बटण दाबून धरण्याची सवय असलेला माणूस काचेवरही बोट टेकवून धरतो. मग चिन्ह उघडण्याऐवजी थरथरते किंवा काढून टाकण्याचा पर्याय पुढे येतो. वयस्कर त्वचा कोरडी असते, त्यामुळे काच कधीकधी स्पर्श घेतच नाही. ओल्या रुमालाला बोट लावून पाहावे. आमच्या एका आजींनी दोन महिने फोन बिघडला म्हणून बाजूला ठेवला होता, आणि दोष होता तो कोरड्या तर्जनीचा. तिसरी बैठक बोलून मराठी टंकलेखन करण्याची ठेवावी. चिमुकल्या कळफलकाशी झगडणाऱ्याने आपले बोललेले वाक्य देवनागरीत उमटताना पाहिले की पुढचे वर्ग त्याला चुकवावेसे वाटत नाहीत.

प्रत्येकाने शंभर पानी वही आणावी आणि कृती स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या अक्षरात लिहावी. छापील पुस्तिकेतील ‘ॲप्लिकेशन सुरू करा’ यापेक्षा ‘हिरव्या रंगात पांढरा फोन आहे, त्यावर टिचकी’ हे वाक्य घरी एकट्याने फोन हातात घेतल्यावर कामाला येते.

ऑक्टोबरातील एक बैठक निवृत्तिवेतनधारकांसाठी राखून ठेवावी. नोव्हेंबरात द्यावा लागणारा हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’ या व्यवस्थेतून डिजिटल स्वरूपात देता येतो. ही व्यवस्था नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली आणि आता चेहरा ओळखण्याच्या पद्धतीनेही काम होते. बोटांचे ठसे पुसट झालेल्यांना ही दुसरी पद्धत विशेष सोयीची आहे. आपल्या कोषागाराला किंवा बँकेला हा मार्ग चालतो ना, एवढी खात्री आधी करून घ्यावी.

फसवणुकीचा विषय व्याख्यानाने शिकवू नये, नाटकाने शिकवावा. दोन सभासदांना खुर्च्या पाठीला पाठ लावून बसवावे. एकाने बँकेचा अधिकारी किंवा पोलिस व्हावे, दुसऱ्याने फोन घ्यावा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, तो फक्त पैसे देण्यासाठी असतो. आणि ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकार भारतीय कायद्यात नाही, ही दोन वाक्ये प्रत्येकाकडून म्हणवून घ्यावीत. तरीही खरी अडचण वेगळीच आहे, ती आमच्या लक्षात तालमीतच आली. समोरचा माणूस बोलत असताना फोन ठेवून देणे हे या पिढीला असभ्य वाटते. ‘थांबा हं, मुलाला विचारून सांगते’ असे म्हणून आजी आदबीने ऐकत राहतात आणि तेवढ्या वेळात समोरचा जाळे आवळतो. म्हणून आम्ही मधेच, वाक्य अर्धवट तोडून, निरोप न घेता फोन बंद करण्याचा सराव घेतला. एका निवृत्त मुख्याध्यापिकांना ते सहाव्या प्रयत्नात जमले. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवायचे, हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या आकड्यांत लिहून घ्यावे. त्याखाली ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा १४५६७ हा क्रमांक लिहावा.

आठवणींचा कट्टा

या उपक्रमाला पैसे लागत नाहीत, साहित्य लागत नाही, आणि अबोल माणसे येथेच बोलू लागतात. अट एवढीच की विषय मोघम नसावा. ‘तुमचे बालपण’ असा विषय दिला तर ‘त्या काळी फार कष्ट होते, पण माणसे चांगली होती’ या एका वाक्यात सगळे आटोपते. वस्तू किंवा दिवस द्यावा. वस्तू म्हणजे अडकित्ता, वातीचा स्टोव्ह, रॉकेलचे रेशनकार्ड, कंदिलाची काच. ती घरून आणायला सांगावी, फिरवावी, हातात घेऊ द्यावी. दिवस म्हणजे असा, जो आपल्या भागातील सगळ्यांनी एकाच वेळी जगला. पुण्यातील गट १२ जुलै १९६१ हा पानशेत फुटल्याचा दिवस घेऊ शकेल. मराठवाड्यात आणि आमच्या माणदेशात १९७२ चा दुष्काळ म्हटले की खडी फोडण्याची कामे, सुकडी आणि लाल मिलो ज्वारी यांवर दोन बैठकाही पुरत नाहीत.

कराडमध्ये आम्ही ११ डिसेंबर १९६७ ची पहाट निवडली. कोयनेच्या भूकंपाचा विषय निघताच, वर्षभर एक शब्द न बोललेले एक गृहस्थ, हात गुडघ्यांवर ठेवून, खाली मान घालून सांगू लागले की सर्वांत आधी फडताळातील पितळी भांडी वाजली आणि आईला वाटले मांजर शिरले. ती मांजराला हाकलायला उठली म्हणून भिंत पडली तेव्हा अंथरुणावर नव्हती. खोलीत कोणी बराच वेळ बोलले नाही. मग पाटणच्या बाजूच्या एका आजींनी, पुढचे कितीतरी दिवस सगळे गाव अंगणात झोपत असे आणि थंडीमुळे कडब्याच्या पेंढ्या अंगावर घेत असत, ते सांगितले. त्या दिवशी नियोजित वेळेपेक्षा तासभर उशीर झाला आणि चहा निवून गेला.

सूत्रसंचालकाने येथे फारसे बोलू नये. प्रत्येकाने बसून बोलावे. उभा राहिलेला माणूस नकळत भाषण करू लागतो. पाच मिनिटांची मर्यादा सुरुवातीला सांगावी, पण घड्याळ दाखवून कोणाला तोडू नये. पुढच्या व्यक्तीला नावाने प्रश्न विचारला की सूत्र आपोआप सरकते. कोणी रडले तर घाईने पाणी आणि सांत्वन घेऊन धावू नये, शेजाऱ्याने हात धरावा आणि थांबावे. एखादी आठवण सांगायची नसेल तर न सांगण्याचा हक्कही आधीच स्पष्ट करावा. परवानगी घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे, सुरुवातीला नाव, गाव, जन्मवर्ष आणि तारीख म्हणवून घ्यावी, आणि प्रत घरच्यांना द्यावी. ती इतरत्र पाठवायची असेल तर सांगणाऱ्याला पुन्हा विचारावे. माणूस गेल्यावर मुलांनी ही प्रत मागायला येण्याचे प्रसंग आमच्याकडे तीन वेळा आले. म्हणून ध्वनिमुद्रणे एकाच फोनमध्ये न ठेवता दोन ठिकाणी ठेवावीत.

मोडी, वाचन आणि शरीराला हलवणारे काही

आमच्या भागातील जुन्या घरांत ट्रंकेच्या तळाशी मोडीतील कागद असतात आणि ते कोणाला वाचता येत नाहीत. मोडीचा वर्ग म्हणूनच चालतो: आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढायची आणि मग हात शक्य तितका न उचलता अक्षरे तिला लोंबती लिहायची, या कामात मन पूर्ण गुंतते. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला स्वतःचे आडनाव मोडीत लिहायला शिकवावे. वर्णमालेपासून सुरुवात केली तर ‘ञ’ येण्याच्या आत निम्मे लोक गळतात. शिकवणारा गावात नसेल तर राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे मोडी प्रशिक्षण घेतलेले कोणी जवळपास आहे का, याची चौकशी करावी.

वाचनासाठी अभिवाचन बरे. तीन-चार आवाज, वीस मिनिटांचा मजकूर, आणि ज्यांची दृष्टी गेली आहे त्यांना पहिल्या रांगेत जागा. पाठांतर असलेल्या माणसांना येथे विसरू नये. आमच्याकडील एका अंध सभासदांना आर्या आणि अभंग शेकड्याने पाठ आहेत.

हास्यक्लब ही तर महाराष्ट्राचीच देणगी, डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईतील एका बागेत १९९५ मध्ये तो सुरू केला. सकाळी तो खुशाल घ्यावा, मात्र हर्निया असलेल्यांनी, रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारून यावे. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे आणि खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभे राहणे, हे दोन व्यायाम मला त्याहूनही महत्त्वाचे वाटतात, कारण मांडीतील ताकद आणि तोल राखला तर पडण्याचे प्रमाण कमी होते.

स्त्रियांची हजेरी

सभासदांच्या यादीत स्त्रिया असतात आणि सभागृहात नसतात, अशी स्थिती असेल तर त्यांना विचारण्याआधी स्वतःकडे पाहावे. आमच्या यादीत त्यांची नोंद ‘सौ.’ आणि पुढे पतीचे नाव अशी होती; पती गेल्यानंतर तर ती नोंदच निघून जात असे. प्रत्येकीचे नाव तिच्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोन क्रमांकासह लिहिले, तेव्हा कळले की निमंत्रणाचा संदेश आजवर घरातील दुसऱ्याच माणसाला जात होता. चहा करण्याचे आणि रांगोळी काढण्याचे काम त्यांच्याकडून काढून घ्यावे आणि खजिनदाराचे काम द्यावे. बचत गटाचे हिशेब ज्यांनी दहा-दहा वर्षे ठेवले त्यांना वेगळे प्रशिक्षण लागत नाही. संक्रांतीचे हळदीकुंकू संघ करत असेल तर विधवा सभासदांना वाण आणि तिळगूळ त्याच रांगेत, त्याच क्रमाने द्यावा. यावर कार्यकारिणीत वाद झाला तर होऊ द्यावा. आमच्याकडे झाला, दोन जणांनी राजीनामे दिले, आणि पुढच्या वर्षी त्यांपैकी एकांच्या भगिनी त्या रांगेत होत्या.

सहल आणि पैसा

सहल जवळची, एका ठिकाणाची आणि दिवसाउजेडी परतीची असावी. राज्य परिवहनाच्या बसमध्ये ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवास आहे, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे, आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांनाही निम्मे भाडे आहे; वयाचा पुरावा जवळ असला म्हणजे झाले. त्यामुळे लहान गटाने नेहमीच्या एस. टी.ने जाणे स्वस्त पडते. ठिकाण दोघांनी आधी जाऊन पाहून यावे. आगाशिवची लेणी कराडला खेटून असली तरी त्यांची चढण आमच्या उपयोगाची नाही. औंधच्या संग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रे पाहायला आम्ही गेलो, तेव्हा आधी पाहणी केली असल्यामुळे वाहन कोठपर्यंत जाते, बसायला सावली कोठे आहे आणि स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे असते हे ठाऊक होते. प्रत्येकाच्या गळ्यात नाव, नातेवाइकाचा क्रमांक आणि चालू औषधे लिहिलेले कार्ड घालावे, आणि मधुमेहींचे जेवण साडेबाराच्या पुढे ढकलू नये.

पैशाबद्दल थोडक्यात. संघाची नोंदणी करायची असल्यास किमान सात सभासद लागतात. संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० यांखाली ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते, आणि त्यानंतर दरवर्षीचा हिशेब व कार्यकारिणीतील बदल तेथे कळवावे लागतात. हे झेपणार नसेल तर पहिले वर्ष बिननोंदणीचा कट्टा म्हणून, रोख वर्गणी न जमवता, ज्याचा त्याने खर्च करून चालवावे. शाल-श्रीफळाचा खर्च बंद केला तर वहीपेन, बॅटरीचे सेल आणि हात असलेल्या दोन खुर्च्या त्यातून सहज येतात.

गैरहजेरी

हजेरीची वही आलेल्यांसाठी ठेवली जाते. ती न आलेल्यांसाठी वाचावी. आम्ही सभासदांचे पाच-पाचचे गट केले आहेत, आणि गटातील कोणी सलग दोन मंगळवार दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी गटातील एकाने घरी जायचे असते. फोन करू नये, जावे. फोनवर ‘बरं आहे, येतो’ एवढेच ऐकू येते. घरी गेल्यावर चष्मा फुटलेला दिसतो, सुनेचे बाळंतपण दिसते, घसरून पडल्याचे लपवलेले निळे डाग दिसतात, किंवा जोडीदार गेल्यानंतर दुपारी चारला अंगावर कपडे चढवण्याचेच बळ उरलेले नसते. अशा माणसाला कार्यक्रमाचे निमंत्रण देऊ नये, काम द्यावे. ‘पुढच्या मंगळवारी मोडीच्या वर्गाचे कागद तुम्ही घेऊन या, माझ्याकडे पिशवी नाही’ असे सांगून कागद त्याच्या घरी ठेवून यावेत. आणायला कोणीतरी जाणार, हे मात्र त्याला न विचारता ठरवावे.

जे आता अंथरुणाला खिळले आहेत त्यांचे नाव यादीतून काढू नये. महिन्यातील एक कट्टा त्यांच्या घरी, चौघांनी जाऊन, अर्ध्या तासाचा घ्यावा; त्यांना प्रश्न विचारावा आणि उत्तराला लागेल तेवढा वेळ द्यावा. हजेरीच्या वहीत त्या दिवशी त्यांच्या नावापुढे ‘उपस्थित’ लिहावे आणि शक्य असेल तर सही त्यांच्याच हातची घ्यावी. कोयनेच्या पहाटेची हकीकत सांगणारे ते गृहस्थ गेले वर्षभर घरीच आहेत. पेन त्यांच्या बोटांत दोघांनी मिळून धरावे लागते, आणि सही रकान्याबाहेर पार पुढच्या माणसाच्या नावावर जाते, म्हणून त्यांच्या खालची ओळ आम्ही आता कोरीच सोडतो.